तारांखालची करंगळी

मुरुमच्या बाजारात ज्वारी साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करणारे चार-पाच जण होते, पण गिऱ्हाइकाला कोठी वाजवून दाखवणारे एकटे किसनतात्या. गिऱ्हाईक आलं की ते आधी कोठीच्या पोटावर मधल्या बोटानं टिचकी मारायचे, मग बुडाजवळ, मग झाकणावर. "ऐका. तिन्ही जागी आवाज गोल हाय. म्हंजे कुठं रिवेट ढिला न्हाय." गिऱ्हाइकाला आवाजाशी काय घेणं? कोठीत उंदीर शिरू नये एवढंच त्याला पाहिजे असायचं. समोरचा चहावाला एकदा म्हणाला, "तात्या, कोठी इकताव का ढोलकी?" तात्या म्हणाले, "कोठीच. पण बेसूर माल म्या ठिवत न्हाय."

मी बँकेच्या परीक्षेत पास झालो तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली, डावा कान जवळ आणला, आणि म्हणाले, "आवाज तर रिकाम्या डब्याचा येतोय. बँकेनं काय बघून घेतलं काय की." सगळी गल्ली हसली, मीही हसलो. तात्यांचं निदान सहसा चुकत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

तात्या जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. ज्यांनी सांगितलं असतं त्यांना माहीतच नाही की मी काय केलंय. त्यामुळं ही हौसही माझी आणि लाजही माझीच.

ते माझ्या वडिलांचे जोडीदार, आमच्याच बौद्धवाड्यात दोन घरं सोडून राहायचे. बुटके, रुंद खांद्याचे, पत्र्यानं कापल्याच्या पांढऱ्या रेघा दोन्ही हातांवर. ठोकून ठोकून उजवा कान जवळजवळ गेलेला, म्हणून कुणाशीही बोलताना थोडे तिरके बसायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं हे रागावलेत. धंदा शिकले सीमेपलीकडं आळंदला, एका कानडी उस्तादाकडं. त्यामुळं भांडण मराठीत, घासाघीस हिंदीत आणि ठोके कानडीत. हातोडा उचलला की एक-दोन-तीनऐवजी "ओंद, येरड, मूर" सुरू. गाण्याच्या सुरुवातीलाही तेच मोजायचे. ढोलकीवाल्याला कानडीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण 'मूर' म्हटलं की त्याचा हात पडायचा.

तात्या शाहीर दामोदर यांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचे. गळ्यात अडकवून नाही. मांडी घालून बसायचं, गिटार मांडीवर आडवी ठेवायची, आणि डाव्या हातात लोखंडी पिन धरून ती तारांवरून सरकवायची. सूर एकमेकांना चिकटून येतात, गाणाऱ्याच्या गळ्यातून यावेत तसे. त्यांची पिन जुन्या मोपेडच्या पिस्टनमधली होती, वापरून आरशासारखी झालेली. ह्या वाजवण्याची एकच अट असते. तारा दांड्यापासून उंच पाहिजेत. पिन खालच्या पट्ट्यांना टेकली की सूर गेला, नुसती खडखड. "तारंखालून करंगळी शिरली पायजे," हे त्यांचं माप. फूटपट्टी त्यांनी कोठ्यांसाठीच ठेवली होती.

त्या गिटारीची मूळ कथा सास्तूरची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडा उभ्या करायच्या कामावर ते तिथं होते. दिवसभर ठोकायचं, आणि संध्याकाळी शेडच्या भिंतीला पाठ लावून, सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेली गिटार वाजवत बसायचं. पाठ झणझणायला लागली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की तार छेडली की मागचा पत्राही वाजतोय. "लाकूड सूर धरून बसतंय, मिलिंदा. पत्रा सोडून देतोय," असं ते मला सांगायचे. घरी येऊन त्यांनी गिटारीच्या पोटाला भोक पाडलं आणि दुधाच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण बशीसारखं ठोकून आत बसवलं, तारांचा भार त्यावर. पहिलं झाकण फाटलं. दुसरं भुणभुण करायला लागलं. अकराव्या झाकणाला जमलं. गयाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आल्यागेल्याला सांगायच्या, "लोकांच्या घरात झाकणं भांड्यावर असतेत. आमची गाणी म्हणाय जातेत."

ते झाकण खरं वाजलं अणदूरला. भीमजयंतीचा कार्यक्रम, समोर चारशे-पाचशे माणूस, आणि वीज गेली. माईक बंद, पेटी ढोलकीखाली दबली. शाहीर थांबणार तेवढ्यात तात्यांनी पिन सरकवली आणि त्या झाकणाचा आवाज पार मागं बायका बसल्या होत्या तिथपर्यंत गेला. शाहिरांनी त्या आवाजाला धरून बिनमाईकचा तासभर कार्यक्रम ओढला. तेव्हापासून सतरंजीवरची शाहिरांच्या डाव्या हाताची जागा तात्यांची. एप्रिल आला की कोठ्यांची कामं बाजूला, पांढरा शर्ट इस्त्री करून आणायचा, आणि महिना-दीड महिना गावोगाव. कोठ्यांनी पोट भरायचं, पण किसन मिस्त्री ओळखले जायचे त्या दीड हाताच्या जागेवरून. काकू एकदा म्हणाल्या, गुडघे दुखतात तर सोडा आता. तात्या म्हणाले, "घरी बसवलीस तर आठ दिसांत मरतो. लावती का पैज?" काकूंनी पैज लावली नाही.

मी पुण्याला बदलून गेलो, आणि एकदा मोबाईलवर बघता बघता मला धक्काच बसला. परदेशात अशीच गिटार, पोटात धातूची वाटी बसवलेली, आणि तीही कारखान्यात केलेली. सुट्टीत गावी आल्या आल्या मी तात्यांना दाखवली. त्यांनी मोबाईल डाव्या कानाला लावला, मग डोळ्यांपुढं धरला, परत कानाला लावला. मोबाईल परत देत म्हणाले, "म्हंजे म्या येकलाच येडा न्हवतो."

मग रोजचं ते वेडच झालं. तीन तऱ्हा असतात हे आम्ही शोधून काढलं. एक सगळी पितळेची, वर चकचकीत मुलामा, पोटात एक मोठी वाटी. दुसरी लाकडाची, वाटी उलटी आणि वर कोळ्याच्या पायांसारखी जाळी. तिसरी परत धातूची, पण आत तीन लहान वाट्या. तात्यांनी एका बैठकीत निकाल दिला. "ही पितळेची भांडती. तीन वाट्यांची कुजबुजती, आपल्या ढोलकीम्होरं तिचं कोण ऐकणार. ही लाकडाची रडती बग, आन रडून झालं तरी सूर टिकून ऱ्हातोय. शाहिरामागं हीच चालंल." लाकडाच्या गिटारीचा दांडा चौकोनी आणि तारा उंच, मांडीवर वाजवायलाच केलेली. पितळेच्या गिटारीचा दांडा गोल, तारा पार खाली टेकलेल्या, गळ्यात अडकवून वाजवणाऱ्यासाठी. हे सगळं तात्यांनी मला बोटानं दाखवून समजावलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून हे सांगतोय.

त्या वर्षी जयंती समितीनं ठरवलं, तात्यांचा सत्कार करायचा, आणि शाल देऊन मोकळं व्हायचं नाही, गिटार द्यायची. वर्गणी झाली, उरलेला भार मी उचलला, आणि पुण्यात असल्यामुळं निवडायचं काम माझ्याकडं आलं. समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "साहेब, जरा चकाकणारी बघा. स्टेजवर दिसली पाहिजे. शूटिंग आहे." साहेब म्हटलं की मी जरा फुगतो. ती माझी जुनी खोड आहे.

पुण्यात अशा गिटारी ठेवणारं एक दुकान सापडलं. गार हवा, काचा, आणि कानात बाळी घातलेले दोन विक्रेते. तिन्ही तऱ्हा समोर ठेवल्या. मी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा अर्धा कान आणि मागं टांगलेली कोठीची झाकणं दिसायला लागली.

"मिलिंदा, टिचकी मार," तात्या मोठ्यानं म्हणाले. कान अधू, त्यामुळं ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे. "पोटावर मार. आता बुडाला. आता मागं मार की!"

मी टिचक्या मारल्या. विक्रेत्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण तोंडावर हात धरून हसला, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. माझे कान तापले. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, आला तात्यांचा. इथं असं कोण ओरडतं, असं वाटलं. मी फोनचा आवाज कमी केला.

"लाकडाचीच घे. आन पितळेची घेणार असशील तर तारंखालून करंगळी घालून बग. शिरती का?"

पितळेची समोर झळाळत होती. तिच्यात मला माझं तोंड दिसत होतं. त्या तारांखालून कागद गेला असता तरी नशीब म्हणावं लागलं असतं. मी बोट लावलंसुद्धा नाही.

"शिरते, तात्या."

"नीट बग."

"शिरते की. ठेवतो आता." आणि मी फोन ठेवला, आणि पितळेची घेतली.

जयंतीच्या दोन दिवस आधी मी ती घेऊन मुरुमला आलो. तात्या त्याच संध्याकाळी आले, अंगणात खुर्चीवर बसले. खिशातून पिन काढली, रुमालानं पुसली. "जरा बघू दे की. तारा लावून ठिवतो." अध्यक्षांनी मला बजावलं होतं, स्टेजवरच उघडायची, तात्यांच्या तोंडावरचा आनंद कॅमेऱ्यात आला पाहिजे. मी म्हणालो, "नाही तात्या, परवाच." ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, संध्याकाळी परत आले. लहान लेकरासारखे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दारातनं वळून म्हणाले, "करंगळी शिरती न्हवं?"

"शिरते."

खोटं एकदा तोंडातनं सुटलं की त्याला सोबत लागते. मला आतनं माहीत होतं, की ती आज त्यांच्या हातात दिली तर तासाभरात ते काही ना काही करून तारा उंच करतील. पत्र्याला आयुष्यभर आपल्या मनासारखं वळवलेला माणूस तो. पण मग मी खोटं बोललो हे उघड झालं असतं. म्हणून दिली नाही. आनंद कॅमेऱ्यात यावा वगैरे आपलं सांगायला.

स्टेजवर दिवे, फुगे, फुलांच्या माळा. मी अध्यक्षांशेजारी खुर्चीवर. तात्यांनी गिटारीची पेटी उघडली, आणि आधी झालेला आनंद खरा होता, तो कॅमेऱ्यात आहे. मग त्यांनी करंगळी तारांकडं नेली. बोट तारांना अडलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रस्ता विचारायला माणूस बघतो तसं.

मी जवळ गेलो. ते हळू बोलले, आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललेले मी ऐकले. "मिलिंदा, कुणाला तरी पाठवून घरनं माझी जुनी आणाय लाव."

घर तिथून पाच मिनिटांवर. मी म्हणालो, "एवढं एक गाणं होऊ द्या तात्या. शूटिंग चालू आहे."

त्यांनी मान हलवली. "ओंद, येरड, मूर." ढोलकीवर हात पडला, शाहिरांनी गाणं उचललं, आणि तात्यांनी पिन सरकवली. खडखड झाली. दाब कमी केला तर सूरच निघेना. जरा दाबलं की पिन पट्ट्यांवर आपटायची. सगळ्या गावाला पाठ असलेला तो तुकडा, आणि तो त्यांच्या हातातनं तुटून तुटून पडत होता. पुढं बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शाहिरांनी कडवं गाळून गाणं आवरतं घेतलं. अध्यक्ष मोठ्या मनानं माईकवर म्हणाले, "वय झालं आता तात्यांचं, हात साथ देत नाही, पण उमेद बघा." टाळ्या झाल्या. मी वाजवल्या. हे दोन्ही हात माझेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड चुकवून पुण्याची गाडी धरणार होतो, पण तेच आले. बसले. चहा घेतला. म्हणाले, "चूक माझी झाली बग. तुझी बोटं हापिसातली, बारीक. म्या माझ्या करंगळीचं माप तुला सांगाय पायजे हुतं."

त्या तारांखालून तान्ह्या पोराचं बोट गेलं नसतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं, खरं बोलायला म्हणा की पळायला. मी पळालो. म्हणालो, "हां तात्या, तसंच झालं असेल."

"रातीच ठीक केली म्या," ते म्हणाले. "येक पत्र्याची पट्टी वाकवून तारंखाली सारली. आता झ्याक वाजती. पितळेची असून बी भांडत न्हाय. ऐकायला ये म्हणलं असतं, पण तुझी गाडी असंल." गाडीला अजून दीड तास होता. मी गेलो नाही.

आठ दिवसांनी शाहिरांचा फोन आला. पुढं सास्तूरचा कार्यक्रम होता. शाहीर सरळ माणूस. म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या दिवशी तात्यांच्या जवळ होतात. तुम्ही सांगाल ते खरं. त्यांचा हात खरंच गेलाय, का गिटारीचं काही होतं? उमरग्याची एक बाई कीबोर्ड वाजवते, तिला घेऊ का थांबू?"

मी बँकेच्या जिन्यात उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. शाहीर, गिटार चुकीची होती, मी चुकीची आणली. पण मग ते अध्यक्षांना कळणार, अध्यक्षांकडून गल्लीला, आणि गल्ली म्हणणार, बघा, एवढा शिकलेला माणूस. मी म्हणालो, "वय झालंय शाहीर त्यांचं. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." एवढंच. फोन ठेवून मी वर जाऊन काम केलं. डबा खाल्ला. सगळं नेहमीसारखं.

सास्तूरला ती बाई गेली, आणि नंतर तीच जात राहिली. तात्यांनी कोठ्या केल्या. घरात वाजवायचे म्हणे, दुपारी. काकू सांगायच्या, "लई ग्वाड वाजवतेत आता, पर ऐकाय म्या येकटीच."

पुढच्या जयंतीला मी गेलो. नसतो गेलो, पण अध्यक्षांनी दोनदा फोन केला. तात्यांना मानानं स्टेजवर खुर्ची दिली होती, आणि तिला लागून माझी. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर दोन हात. खाली सतरंजीवर शाहीर, त्यांच्या डाव्या हाताला ती बाई. अंगणवाडीत काम करते, तिशीतली असेल. गाणं सुरू झालं आणि तात्यांचा तो तुकडा तिनं कीबोर्डवर वाजवला, गिटारीचा आवाज लावून. बरा वाजवला. लोकांनी टाळ्या दिल्या, तात्यांनीही दिल्या.

मग ते तिरके झाले, डावा कान माझ्याकडं. "मिलिंदा."

"हां, तात्या."

"शाहिराला म्याच म्हणलं हुतं गेल्या साली. मिलिंदला फोन लावा, त्याला समदं ठावं हाय, त्यो सांगंल."

मी खुर्चीतून उठत म्हणालो, "तात्या, मी आत्ता माईकवर जाऊन सांगतो."

"बस खाली. नवरा न्हाय त्या बाईला. ह्या कार्यक्रमांवर तिची दोन लेकरं शिकतेत. आता तू सांगून तिला घरी घालवू नगं." माझ्याकडं न बघता ते बोलत होते, गाणं ऐकत. "तवा सांगायचं हुतं."

त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग उठले. गुडघे धरत होते म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी स्टेजच्या बांबूला धरलं आणि एकेक पायरी खाली उतरले. गर्दी बाजूला होत होती, "जय भीम, तात्या" म्हणत होती, आणि ते थांबून प्रत्येकाला उलट "जय भीम" करत चालले होते. दिव्यांच्या उजेडात पांढरा शर्ट पार मागच्या बायकांपर्यंत दिसत राहिला. मी उठून त्यांच्या मागं जाणार होतो. तेवढ्यात अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि आपल्या गावच्या कलावंताला परदेशी वाद्य मिळवून दिल्याबद्दल सत्कारासाठी माझं नाव पुकारलं. मी पुढं गेलो आणि शाल घेतली.